पावसाळ्याची बेगमी

मृग नक्षत्र लागावयास आठ-दहा दिवस उरले म्हणजे आमच्या घरांत एक यादी निघते. ती पाठकोऱ्या कागदावर लिहिलेली असते, आणि तिचें शीर्षक आजहि 'पावसाळ्याची बेगमी' असेंच असतें. साठ वर्षांपूर्वीं या यादींत पहिलें नांव जळणाचें असे. आतां तें बॅटरींत घालावयाच्या पाण्याचें असतें. या दोन नांवांच्या दरम्यान आमच्या घराचा, आणि खरें पाहतां आमच्या साऱ्या कोल्हापूरचा, बराच इतिहास सांठलेला आहे. तो वाचकांपुढें मांडावा असें मनांत आलें, याचें कारण त्यांत आमची स्वतःची एक चूक आहे; आणि चूक सांगितल्यावांचून तिचा उपयोग दुसऱ्यांस होत नाहीं.

आमचें घर महाद्वारापासून हाकेच्या अंतरावर. कुटुंब एकत्र, रोज पंधरा-सोळा पानें पडत. आमच्या बालपणीं, म्हणजे १९६० च्या सुमारास, घरांत विजेचे दिवे होते. परंतु विजेची सत्ता दिवाणखाना व माजघर यांपुरती होती. स्वयंपाकघरांत अद्याप चुलीचेंच राज्य होतें. वैशाख संपण्यापूर्वीं वखारींतून लांकडांच्या गाड्या येत, खेड्यांतून शेणी येत, आणि परसांतील पडवींत त्यांच्या थप्प्या लागत. कोल्हापूरचा पाऊस ज्यांनीं पाहिला आहे त्यांस या घाईचें कारण सांगावयास नको. पुनर्वसूचा तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा पाऊस हे दोघे मिळून आठ-आठ दिवस सूर्याचें दर्शन होऊं देत नाहींत. त्यांत एखाद्या वर्षीं पडवी गळली, कीं जाळ कमी आणि धूर फार! ओल्या लांकडांतील पाण्याची वाफ होण्यांतच पुष्कळशी उष्णता खर्चीं पडते, हें शास्त्र आम्ही पुढें शाळेंत शिकलों. मोठी काकू तें रोज फुंकणीनें शिकत होती.

मोठी काकू १९५९ सालीं लग्न होऊन या घरांत आली, तेव्हां ती अठरा वर्षांची होती. त्यानंतर वीस वर्षें तिची सकाळ धुरांत उगवली. आम्ही मुलें पावसाळ्यांत स्वयंपाकघराच्या दारांतूनच परतत असूं, इतके आंत डोळे चुरचुरत. काकू मात्र पदरानें डोळे टिपून पंधरा माणसांच्या भाकरी थापीत बसे. त्यांत कांहीं विशेष आहे असें कोणासहि वाटलें नाहीं. आम्हांसहि वाटलें नाहीं, हें येथें नमूद करणें प्राप्त आहे.

१९८० च्या सुमारास घरांत गॅस आला आणि चुली मोडल्या. पाठोपाठ विजेनें एकेक खोली जिंकीत सारें घर घेतलें. पाणी चढविणें, दळणें, वाटणें, कपडे धुणें, दूध टिकविणें, मुलांचा अभ्यास, वृद्धांची करमणूक, सर्व कांहीं तिच्या स्वाधीन झालें. बेगमीची यादी वर्षानुवर्षें आंखडत गेली. लांकडें गेलीं, शेणी गेल्या, रॉकेलचा डबा गेला. शेवटीं ती लोणचें-पापडांपुरती उरली. आम्हांस वाटलें, आपल्या घराचा आणि आभाळाचा व्यवहार आतां संपला. बाहेर ऊन असो वा पाऊस, बटण दाबलें कीं दिवा लागतो. मग नक्षत्रें मोजण्याचें कारण काय?

पुढें काकूच्या सत्तरीनंतर तिला धाप लागूं लागली. डॉक्टरांनीं तपासून पहिला प्रश्न विचारला, तो असा कीं, बाई तंबाखू किंवा विडी ओढीत होत्या काय? काकू त्या स्थितींतहि हंसली. मग चुलीची हकीकत निघाली, तेव्हां डॉक्टर म्हणाले, "त्याच धुरानें फुप्फुसें झिजलीं आहेत. विडी न ओढलेल्या कित्येक बायका या दुखण्यानें माझ्याकडे येतात." हवेंतून प्राणवायु वेगळा काढून देणारें एक यंत्र तिच्या खाटेशीं येऊन बसलें. रात्रंदिवस त्याची घरघर चाले. जुन्या जळणानें नेलेला श्वास नवें जळण परत देत होतें, आणि आम्ही निश्चिंत होतों.

येथें २०१९ चा महापूर आला.

पंचगंगेचें पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांस इशारा देतें आणि ४३ फुटांस धोका सांगतें, हें आमच्या गांवांतील शाळकरी मुलांसहि ठाऊक असतें. त्या वर्षीं तें ५५ फूट ७ इंचांपर्यंत चढलें. नागपंचमी आणि श्रावणी सोमवार एकाच दिवशीं, ५ ऑगस्टला आले होते. आश्लेषाचा पाऊस खंड म्हणून घेत नव्हता. सायंकाळीं दिंड्यांचें पातेलें उतरलें आणि दिवे गेले. नदीकांठच्या भागांत विजेचीं उपकेंद्रें व ट्रान्स्फॉर्मर पाण्याखालीं जात होते. जे बुडाले नव्हते त्यांपैकीं कांहीं जाणूनबुजून बंद ठेवावे लागत होते, कारण पुराच्या पाण्यांत उतरलेली वीज कोणाचाहि मुलाहिजा राखीत नाहीं. नदीवरचे पंप बुडाल्यामुळें नळाचें पाणीहि थांबलें. चोहोंकडे पाणी, आणि घागरींत थेंब नाहीं! पाण्यानें वीज बंद पाडली आणि विजेवांचून पाणी मिळेना, असा तो विलक्षण पेंच होता.

आमच्या घरीं विजेच्या खंडासाठीं इन्व्हर्टर होता. त्याच्या बॅटरीवर काकूचें यंत्र चार तास चालेल असा हिशेब होता. तें चाळीस मिनिटांत बंद पडलें. तसल्या बॅटरींत दर दोन-तीन महिन्यांनीं शुद्ध पाणी घालावें लागतें. तें काम आमच्याकडे होतें, आणि दीड वर्षांत आम्हीं तिचें झांकण उघडलें नव्हतें. हीच ती चूक. प्राणवायूचें एक लहान नळकांडें घरांत होतें, परंतु तें अर्धें रितें होतें. तेंहि आम्हींच पाहावयाचें होतें.

रात्रीं दहाच्या सुमारास काकूचे ओंठ काळसर दिसूं लागले. दोन गल्ल्यांपलीकडे एक मंगल कार्यालय आहे आणि तेथें डिझेलवर चालणारें जनित्र आहे, हें आमच्या पुतण्यास आठवलें. शेजारच्या तालमींतील चार मुलांनीं काकूस खुर्चीसकट उचललें, एकानें नळकांडें धरिलें, आम्ही यंत्र छातीशीं धरून मागून चाललों, आणि धो धो पावसांत ती वरात कार्यालयांत पोंचली. वधूपक्षाच्या खोलींत काकूची खाट मांडली. श्वास जरा बसल्यावर ती म्हणाली, "लग्नाला साठ वर्षें झालीं, आतां पुन्हां कार्यालयांत आणलेंत होय!" सारे हंसले, आम्हांस हंसूं आलें नाहीं.

तिथें तीन रात्री काढाव्या लागल्या. दुसऱ्या दिवशीं नवीच अडचण उभी राहिली. शिरोलीजवळ पुणें-बंगळूर महामार्ग पाण्याखालीं गेल्यामुळें इंधनाच्या टाक्या गांवांत येईनात, आणि जें पेट्रोल-डिझेल शिल्लक होतें तें मदतकार्यासाठीं राखून ठेवलें गेलें. तालमीच्या मुलांनीं ओळखीपाळखींतून कॅनभर कॅनभर डिझेल जमविलें, म्हणून जनित्र चाललें. विजेस जो पाऊस आडवा आला तोच डिझेलासहि आडवा आला, हें त्या वेळीं आम्हांस कळलें.

तिसऱ्या रात्रीं काकू जागी होती. ती हळू आवाजांत म्हणाली, "बाळ, धुरानें डोळे गेले आमचे, पण मृगाच्या आधीं जळण भरलें नाहीं असें एक वर्ष गेलें नाहीं. तुम्हीं एवढें मोठें जळण घरांत आणलेंत, आणि त्याची बेगमी कोणीं करायची तें ठरवलेंच नाहीं." ती रागावून बोलली असती तर बरें वाटलें असतें. ती नुसती सांगत होती.

पूर ओसरल्यावर, दिवाळीच्या सुटींत, आम्ही पुतण्यास घेऊन राधानगरीस गेलों. भोगावतीवरील हें धरण राजर्षि शाहू महाराजांनीं गेल्या शतकाच्या पहिल्या दशकांत आरंभिलें. तें पुरें झालेलें पाहण्यापूर्वींच, १९२२ सालीं, महाराज कैलासवासी झाले. त्याचे सात स्वयंचलित दरवाजे कोल्हापूरकरांच्या परिचयाचे आहेत. तळ्याचें पाणी ठराविक उंचीस पोंचलें, कीं पाण्याच्या दाबानें व वजनांच्या तोलानें ते आपले आपण उघडतात. त्यांस विजेची वाट पाहावी लागत नाहीं. पायथ्याशीं एक लहानसें वीजगृह आहे. तेथें उभें राहून आम्हांस प्रथमच स्पष्ट दिसलें कीं, तळें ही आपल्या परसांतील पडवीच आहे. चार महिन्यांचें जळण आंत भरून ठेवायचें आणि बारा महिने पुरवून वापरायचें. सह्याद्रीच्या पावसाचा हा उपयोग टाटांनीं १९१५ सालींच खोपोलीस करून दाखविला; कोयनेनें तो मोठ्या प्रमाणावर केला. शिवाजीसागरांत सुमारें १०५ अब्ज घनफूट पाणी मावतें, आणि बोगद्यांवाटे तें पश्चिमेकडे कोंकणांत उतरून जमिनीच्या पोटांतील वीजगृहांतून जातें. १,९६० मेगावॅटचा हा प्रकल्प राज्यास विशेषेंकरून संध्याकाळीं आधार देतो. कारण घरोघर एकदम दिवे लागतात तेव्हां जलविद्युत् कांहीं मिनिटांत वाढवितां येते, कोळशाच्या भट्टीस तितकी चपळाई नाहीं.

परंतु पडवी भरण्याची वेळ हीच पुराचीहि वेळ असते, आणि यांत मोठें धर्मसंकट आहे. वीज व शेती म्हणतात, धरण भरून घ्या. नदीकांठचीं गांवें म्हणतात, पुढच्या पावसासाठीं जागा रिकामी ठेवा. जुलैमध्यें पाणी सोडलें आणि ऑगस्ट कोरडा गेला, तर वर्षभर तोटा. न सोडलें आणि ऑगस्टमध्यें आभाळ फाटलें, तर पूर. शिवाय कोयनेचें पाणी पश्चिमेस वळविण्यास कृष्णा पाणीतंटा लवादानें वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातलेली आहे. पूर्वेकडील शेतीचा वांटा त्या तळ्यांतूनच द्यावयाचा असतो. पूर्वीं हा निर्णय पावसाच्या जुन्या चालीवर विसंबून घेतां येई. आतां चाल बदलत आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं इतरांच्या सहकार्यानें २०१७ सालीं दाखवून दिलें कीं, १९५० ते २०१५ या कालांत मध्य भारताच्या पट्ट्यांत व्यापक अतिवृष्टीचे प्रसंग सुमारें तिप्पट झाले. याउलट २०२३ चा ऑगस्ट देशांत १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. ज्या घरांत पाहुणे कधीं चार तर कधीं चाळीस येतात, त्या घरच्या गृहिणीनें कोठीचा अंदाज कसा बांधावा?

कोणी म्हणेल, आपली बहुतेक वीज तर कोळशाची. तिला पावसाशीं काय कर्तव्य? आम्हांसहि पूर्वीं असेंच वाटे. परंतु कोळशाच्या वीजगृहांत वाफ करावयास व ती थंड करावयास पाणी लागतें. २०१३ च्या दुष्काळांत परळीचें वीजकेंद्र पाण्याअभावीं बंद ठेवावें लागलें. कोळसा असून चूल पेटेना. २०२१ सालीं नेमकें उलटें झालें. खाणींच्या प्रदेशांत पावसानें मुक्काम लांबविला, मागणी वाढलेली होती, आणि ऑक्टोबरच्या आरंभीं देशांतील वीजकेंद्रांपाशीं सरासरी चार दिवसांचा कोळसा उरला. आमच्या काकूनें ज्येष्ठांत चार दिवसांचें जळण पाहिलें असतें तर तिनें घर डोक्यावर घेतलें असतें. उन्हाळ्याची गोष्ट आणखी निराळी. ३० मे २०२४ रोजीं देशाची मागणी २५० गिगावॅटपर्यंत चढली. ज्या दिवशीं पंखे व शीतयंत्रें अधिक फिरतात त्याच दिवशीं तारा तापून लोंबतात आणि ट्रान्स्फॉर्मरचें तेल तापतें. ओझें जास्त आणि बैल थकलेला, असा तो प्रकार आहे.

राधानगरीहून परततांना पुतण्यानें गच्चीवर सौरपट्ट्या बसविण्याचा विषय काढला. काकूनें साफ नकार दिला. "गच्ची वाळवणाची आहे," ती म्हणाली. सांडगे-पापड आतां किती होतात, हा प्रश्न विचारण्याचें धैर्य कोणास झालें नाहीं. शेवटीं अर्धी गच्ची सूर्याच्या नव्या कामास आणि अर्धी जुन्या कामास, असा तह झाला. तीन किलोवॅटच्या पट्ट्या बसल्या आणि पुतण्या रोज संध्याकाळीं आंकडे वहींत मांडूं लागला. सर्वांत अधिक वीज वैशाखांत नव्हे, तर फाल्गुनांत मिळाली. कारण पट्टीस ऊन हवें, पण उष्मा नको. ती तापली कीं तिची शक्ति घटते, आणि वैशाखांत दुपारीं वळिवाचे ढगहि येतात. आषाढांत कांहीं दिवशीं तर दोन-तीन युनिटांवर समाधान मानावें लागलें. मात्र त्याच आषाढांत पाटणजवळच्या वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या जोरांत फिरत असतात. एक देव झोपतो तेव्हां दुसरा जागा असतो. हेंहि बेगमीचेंच तत्त्व कीं, सारें धान्य एकाच कणगींत ठेवूं नये.

२०२१ च्या जुलैमध्यें पुन्हां महापूर आला आणि पुन्हां दिवे गेले. या वेळीं मात्र बॅटरी भरलेली होती आणि प्राणवायूचीं दोन मोठीं नळकांडीं मृगापूर्वींच काकूच्या खोलींत उभीं होतीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं दहा वाजतां अवचित ऊन पडलें. पट्ट्या चकाकूं लागल्या, तरी घर अंधारांतच! काकूनें विचारलें, "अरे, तुमचा सूर्य उगवला ना? मग दिवे कां नाहींत?"

पुतण्या म्हणाला, "आजी, बाहेरची वीज गेली कीं आपल्या पट्ट्यांची वीजहि आपोआप थांबते. तशी योजनाच केलेली असते."

"कशाला?"

"तार दुरुस्त करायला वायरमन खांबावर चढलेला असतो. त्याच्या हिशेबीं तार मेलेली असते. आपल्या गच्चीवरून तिच्यांत वीज गेली तर तो जागच्या जागीं जाईल."

काकू खिडकीशीं गेली. गल्लीच्या तोंडाशीं खांबावर खरोखरच एक तरुण चढलेला होता. गुडघ्यापर्यंत चिखल, अंगावर फाटका रेनकोट. खालीं त्याचा सोबती दोर धरून उभा होता. काकूनें बराच वेळ पाहिलें. मग ती म्हणाली, "मग राहूं दे अंधार. तो खालीं उतरेपर्यंत राहूं दे." आणि सूनबाईस हांक मारून तिनें दोन कप चहा खालीं पाठविला.

आपल्यापुरता सूर्य घरांत कोंडून घ्यावा हा विचार किती अपुरा आहे, हें त्या दिवशीं आम्हांस उमगलें. तार एकच आहे. तिच्या एका टोंकास कोयनेचा पाऊस, दुसऱ्या टोंकास काकूचा श्वास, आणि मध्यें खांबावर कोणाचा तरी मुलगा. पुढें आम्हीं बाहेरच्या तारेपासून घर तोडून पट्ट्यांची वीज बॅटरींत सांठविणारी व्यवस्था करून घेतली. त्यांत पैसे गेले, आणि घरांत त्यावरून थोडी कुरबूरहि झाली. परंतु काकूनें आपल्या पाटल्या मोडावयास काढल्या, तेव्हां कुरबूर थांबली. पाटल्या अर्थातच मोडल्या नाहींत.

काकू २०२३ च्या मार्गशीर्षांत गेली. वैशाखांत सांडगे घालतांना आम्ही आतां गच्चीच्या तिच्या अर्ध्या भागावर पट्टी चढवावी असें कोणी सुचवीत नाहीं.

वाचकांस एवढेंच सांगावयाचें आहे. आपल्या आज्यांनीं आभाळाशीं जो करार केला होता तो विजेच्या तारेनें रद्द झालेला नाहीं. फक्त त्यावर सही करणारें माणूस घरांत उरलेलें नाहीं. धरणांचा व कोळशाचा विचार राज्यकर्त्यांनीं करावा. परंतु ज्या घरांत आजारी माणूस यंत्रावर आहे, तेथें बॅटरी कोण पाहतो, नळकांडें कोण भरून आणतो, जवळचें जनित्र कोठें आहे, हें नांवानिशीं ठरलेलें असावें. आमच्याकडे तें ठरलें आहे. यंदाची यादी पुतण्याच्या मुलीनें लिहिली. पहिलें नांव बॅटरीच्या पाण्याचें, आणि त्यापुढें कंसांत आमचें नांव. मधें कंदील, काड्यापेट्या, औषधें, पिण्याच्या पाण्याचीं पिंपें. आणि शेवटीं, कोणीं सांगितल्यावांचून, तिनें लिहिलें आहे: वायरमनसाठीं चहा-साखर, वेगळी.